बटण शाबूत आहे

तपासनिसांच्या दारावरची बेल कित्येक महिने बंद होती, आणि तपासनीस नोकरीला होते ते बेलच्या बटणांच्याच कारखान्यात. यात कुणाला विसंगती वाटत असेल, तर त्याने एखाद्या शिंप्याच्या सदऱ्याची बगल एकदा पाहून घ्यावी. दिव्याखाली अंधार असायचाच. येणारा-जाणारा दार वाजवी आणि तपासनीस दार उघडता उघडता म्हणत, "बेल आणायची आहे कारखान्यातून. सवड मिळाली की बसवतोच."

कारखान्यात मात्र त्यांचा दरारा होता. तिथे एक यंत्र होतं आणि त्या यंत्राला रबरी टोकाचं पोलादी बोट होतं. ते बोट बटणावर पडे, उठे, पुन्हा पडे. हजारो वेळा दाबून घेतल्यावरही जे बटण पहिल्यासारखं 'टक' म्हणे, त्याच्या खोक्यावर तपासनीस 'तपासले' असा शिक्का मारत आणि खाली कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी सही करत. यंत्राच्या वर त्यांनी स्वतः लिहून घेतलेली पाटी होती : 'एकदा सुरू केलेली चाचणी मध्येच थांबवू नये. कोणासाठीही.' 'कोणासाठीही'च्या खाली लाल रेघ होती. एकदा मॅनेजरांचा टाय त्या यंत्रात अडकला होता. तेव्हाही तपासनिसांनी यंत्र थांबवलं नाही. त्यांनी टाय कापला.

अशा कामात उमेदीची वर्षं गेली की माणसाचं एक तत्त्वज्ञान तयार होतं. तपासनिसांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे : दाबलं की दाबल्याचं कळलं पाहिजे. त्यामुळे त्यांचा फोनही जुना, खाली मधोमध ठसठशीत बटण असलेला. त्याची चार्जिंगची पिनही जुन्या पद्धतीची, म्हणजे दोनदा उलटी लावून पाहिल्यावर तिसऱ्यांदा सुलटी लागणारी. घरात त्याच पिनचे चार्जर होते, प्रत्येक खोलीत एक आणि कपड्यांच्या कपाटात, का कोण जाणे, दोन.

नऊ महिन्यांपूर्वी लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. जाताना तपासनिसांनी तिला आपल्या कारखान्यातली एक उत्तम बेल दिली, खास स्वतः तपासलेली. "खोलीच्या दाराला लाव. कोणी आलं तर बेल वाजेल, मगच दार उघड." लेकीनं पहिल्या पगारातून बाबांना नवा फोन पाठवला. तो काचेचा होता. नुसता काचेचा. पुढे बटण नाही, मागे बटण नाही, कडेला शिवणीसारखी एक पट्टी. तपासनिसांनी तो हातात घेतला, त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्यांनी तो जसाच्या तसा खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर दुलयांमागे ठेवून दिला. लेकीचं मन मोडायचं नव्हतं. आणि मन मोडू नये म्हणून माणूस जे बोलतो त्याला खोटं म्हणत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

तेव्हापासून बाप-लेकीचं दर आठवड्याचं बोलणं ठरून गेलं होतं.

"बाबा, फोन कसा आहे?"

"एकदम झकास! आणि बेल कशी आहे?"

"मस्त! खणखणीत वाजते."

मग फोन लगेच आईकडे जाई.

हे असंच चालू राहिलं असतं. पण तळमजल्यावर दंतवैद्य राहत होते. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे घर. तपासनिसांचं आणि त्यांचं बरं होतं, फक्त तपासनीस त्यांच्यासमोर हसताना तोंड मिटून हसत. दंतवैद्याच्या डोक्यावर राहणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. उघडं तोंड दिसलं की दंतवैद्यांची नजर आत जाई आणि बोलणाऱ्याला आपण काय सांगत होतो ते आठवेनासं होई.

एक दिवस जिन्यातल्या प्लगपाशी तपासनीस फोनमध्ये पिन खुपसत उभे होते. चार्ज होण्यासाठी ती डावीकडे जरा दाबून धरावी लागे. दंतवैद्य म्हणाले, "अहो, फेकून द्या ते. तोंड म्हटलं की कीड आली. फोनला भोकं जितकी कमी, तितकं आयुष्य जास्त. आता सगळ्यांना एकच सी पिन आली आहे, उद्या तीही जाईल. नुसता ठेवला की चार्ज. आणि बटणं तर गेलीच म्हणून समजा. हलणारी वस्तू आधी मोडते. मला विचारा, हलणाऱ्या वस्तूच येतात माझ्याकडे."

"तोंडं नकोतच म्हणाल, तर माणसाचंही बंद करा, डॉक्टर," तपासनीस म्हणाले. "तुमचा दवाखाना आधी बसेल. आणि बटणाबद्दल मला नका सांगू. हे बटण तुमच्या काचेच्या नाकावर टिच्चून टिकेल."

"टिकेल हो. पण किती?"

या 'किती'नं घात केला. एरवी तपासनीस विचारी माणूस. पण ज्याची उभी हयात 'किती' याच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली, त्याला भर जिन्यात 'किती?' म्हणून विचारायचं, म्हणजे पोहणाऱ्याला 'पाण्याला भिता का?' म्हणण्यासारखं आहे.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपला फोन यंत्राखाली चिमट्यात बसवला. चाचणी संपेपर्यंत फोन जागा राहायला हवा, म्हणून चार्जरची पिन लावून ठेवली. बोट बरोबर बटणावर आणलं. डबे उघडून बसलेले कामगार डबे तसेच ठेवून भोवती जमले. साहेब स्वतःचा फोन तपासतायत, म्हणजे काहीतरी मोठंच असणार, अशी त्यांची समजूत झाली. तपासनिसांनी यंत्र चालू केलं. बोट पडलं, फोन उजळला. बोट पडलं, विझला. पुन्हा उजळला.

थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की बोट पडलं की फोन जरासा झुलतोय, आणि तो झुलला की खालची पिन त्या भोकात डावी-उजवी होतेय. ज्या बाजूला ती आधीच ढिली होती, त्याच बाजूला. तपासनिसांचा हात यंत्र बंद करायच्या लाल बटणाकडे गेला. कामगारांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. मग पुन्हा हाताकडे. मॅनेजरांच्या टायची गोष्ट त्यांतल्या प्रत्येकाला पाठ होती.

तपासनिसांनी हात मागे घेतला आणि तो कशासाठी पुढे गेला होता हे दिसावं म्हणून यंत्रावरची धूळ झटकली. पुढचा सगळा वेळ ते हाताची घडी घालून उभे राहिले आणि आपल्या फोनचं होईल ते पाहत राहिले. तत्त्वासाठी माणसं काय काय सोसतात हे आपण ऐकतो. त्या वेळी ती जेवली का, ते कोणी विचारत नाही. तपासनिसांचा डबा त्या दिवशी तसाच घरी गेला.

चाचणी संपली. त्यांनी फोन काढला, बटण दाबलं. 'टक.' अगदी पहिल्यासारखं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी वायर ओढली. वायर आली, पण पिनचं टोक आतच राहिलं. हजारो वेळा उजळून-विझून दमलेला फोन एकदा बारीक थरथरला आणि त्यानं डोळे मिटले.

"ऑपरेशन यशस्वी, पेशंट दगावला," घरी सगळं ऐकल्यावर बायको म्हणाली.

"बटण शाबूत आहे," तपासनीस म्हणाले.

"मग काढून शर्टाला लावा."

एवढ्यात बायकोचा फोन वाजला. लेकीचा होता. बायकोनं तो सगळ्या खोलीला ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला. "आई, बाबांचा फोन लागत नाही गं. बरं, रविवारी सकाळी येतेय मी, संध्याकाळी परत. आणि बाबांना सांग, नवा फोन नीट सेट करून देते. त्यात खूप गमती आहेत, त्यांनी बघितल्याच नसतील."

तपासनिसांनी हातानं 'नाही, नाही' अशी खूण केली. बायकोनं ती पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "ये हो. बाबा तर तो फोन खालीच ठेवत नाहीत." मग फोन बंद करून ती त्यांना म्हणाली, "तुमच्या खोट्याला मी एवढाच हातभार लावणार. पुढचं तुम्ही निस्तरा. पोरीच्या पहिल्या पगारातला आहे तो. दुलयांमागे सापडला ना, तर ती बोलणार काही नाही, आणि तेच वाईट."

तपासनिसांनाही तेच वाटत होतं. बोलली असती तर त्यांनी उत्तर दिलं असतं. गप्प बसणाऱ्या लेकीला उत्तर काय देणार?

बेत सरळ होता. सिमकार्ड नव्या फोनमध्ये घालायचं आणि रविवारी सकाळी तो सहज म्हणून हातात धरून दारात उभं राहायचं. बायकोच्या सेफ्टी पिननं सिम बसलंही. फोन मात्र आठ महिने उपाशी होता, त्यात धुगधुगी नव्हती. खोक्यात चार्जर शोधला तर निघाली नुसती वायर, आणि तीही अशी की दोन्ही टोकांना तेच तोंड. घरातल्या एकाही चार्जरला ती लागेना. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्यानं पंगतीत फक्त चमचा घेऊन बसावं, तसा प्रकार.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तपासनीस फोन कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. तिथे गारवा होता, खुर्च्या मऊ होत्या, आणि काउंटरवरची बाई इतकी नम्र होती की हिच्याकडून आपलं काही काम होणार नाही हे तपासनिसांनी लगेच ओळखलं.

"चार्जर खोक्यात देत नाही, सर. पर्यावरणासाठी."

"मग विकत द्या."

"नक्की, सर. आधी नोंदणी करू. तुमच्या नंबरवर एक आकडा येईल, तो सांगा."

"नंबर याच फोनमध्ये आहे. आणि हा फोन बंद आहे."

"मग चालू करा, सर."

"चालू करायलाच चार्जर हवा आहे."

"नक्की, सर," बाई म्हणाली. "त्यासाठीच नोंदणी." तिनं मान किंचित कलती केली आणि त्या आकड्याची वाट पाहू लागली. तपासनीसही थोडा वेळ वाट पाहत बसले, कारण इतक्या सौजन्यानं वाट पाहणाऱ्या माणसाला एकटं सोडून उठणं त्यांना बरं दिसेना.

तिथून ते कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. दुकानदारानं सी पिनचा चार्जर काढून समोर ठेवला, दुसऱ्या कोणीही तो घेऊन घर गाठलं असतं. तपासनिसांनी तो कानाशी धरून हलवला.

"आत काहीतरी खुळखुळतंय."

दुकानदारानं दुसरा दिला. त्याचं भोक त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "कड नीट घासलेली नाही. महिन्याभरात ढिलं पडेल." तिसऱ्याला छोटं बटण होतं. ते त्यांनी दाबलं, परत दाबलं, डोळे मिटून दाबलं, आणि मान हलवली. "याला 'टक' नाही. हे बटण नव्हे, हा फोड आहे."

दुकानदारानं तिन्ही चार्जर उचलून आत ठेवले. "काका, तुम्हाला चार्जर घ्यायचाय की नोकरीवर ठेवायचाय?" एवढं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तपासनीस ताठ मानेनं बाहेर पडले. ताठ मान आणि रिकामे हात हे बहुधा जोडीनंच दिसतात.

शनिवारी ही बातमी समोरच्या काकूंना कळली. काकूंनी आधी जुना फोन मागितला आणि त्यात फुंकर मारली. मग तांदळाच्या डब्यात पुरायला सांगितला.

"काकू, भिजला नाहीये तो. मोडलाय."

"तरी पुरून बघायला काय जातंय?" मग त्यांनी घरातून चार्जरचा एक गुंताच आणून दिला. त्यात नऊ वायरी, एक चपलेचा बंद आणि माप घ्यायची टेप होती. सी पिन नव्हती. "सी पिन ना? ती डॉक्टरांकडे आहे. मी स्वतः पाहिलीय, दवाखान्यात, खुर्चीच्या शेजारी."

डॉक्टरांकडे ती आहे हे तपासनिसांना गुरुवारपासून ठाऊक होतं. दुनियाभर चार्जर शोधण्याचं कारणच ते होतं. पण लेक उद्या सकाळी येणार होती. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर ते दोन्ही फोन घेऊन खाली उतरले.

दंतवैद्यांनी वर बघितलं, फोन बघितले आणि काही न विचारता जुना फोन हातात घेतला. खुर्चीवरचा मोठा दिवा ओढून त्यांनी त्याचा झोत भोकावर टाकला, छोटा आरसा धरला, सळईनं आत टोचून पाहिलं. "अरेरे. मूळ आत राहिलंय. केव्हापासून हलत होतं?"

"झालं बरंच," तपासनीस म्हणाले, आणि आपण आज्ञाधारक पेशंटच्या सुरात बोलतोय हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचा राग आला.

"तेव्हाच आणायला हवं होतं." दंतवैद्यांनी चिमटा घातला, मनगट वळवलं, सवयीनं म्हणाले, "जरासं दुखेल," आणि ओढलं. पिनचं टोक आलं. पाठोपाठ, त्याला धरून, अख्खं चार्जिंगचं भोकही बाहेर आलं. दोघं ते पाहत राहिले. मग सवयीनंच दंतवैद्यांनी त्या जागी कापसाचा बोळा बसवला.

"बटण कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"शाबूत आहे."

"दाबा."

तपासनिसांनी दाबलं. रिकाम्या दवाखान्यात 'टक' एवढं स्पष्ट वाजलं की दोघांनाही ते नकोसं झालं.

दंतवैद्यांना आता हवं ते बोलता आलं असतं. जिन्यातलं एकेक वाक्य त्यांना परत करता आलं असतं, आणि तपासनीस त्या तयारीनंच आले होते. पण त्यांनी खुर्चीशेजारचा चार्जर उपटला, गुंडाळला आणि पुढे केला. "उद्या संध्याकाळपर्यंत ठेवा. मग मात्र मला लागेल." तपासनीस तोंड मिटून हसले आणि वर आले. टोमणा मारला असता तर बरं, असं त्यांना जिनाभर वाटत होतं.

नवा फोन चालू झाला. त्यात एकही नंबर नव्हता, सगळे जुन्या फोनबरोबर गेले होते. तपासनिसांना तोंडपाठ असलेला नंबर एकच होता. तो त्यांनी काचेवर जपून लिहिला, कारण काचेवर दाबल्याचं काही कळत नव्हतं, आणि नाव घातलं 'लेक'.

रविवारी सकाळी दार वाजलं. तपासनीस ठरल्याप्रमाणे हातात फोन घेऊन दारात. लेकीनं तो पाहिला आणि तिचा चेहरा असा खुलला की तपासनिसांना तीन दिवसांचा मनस्ताप वसूल झाल्यासारखं वाटलं. चहा झाला. गप्पा झाल्या. "बघू," म्हणून लेकीनं फोन घेतला.

"बाबा, वरचं प्लास्टिक अजून तसंच?"

"जपून वापरतो."

"आणि नंबर एकच? आठ महिन्यांत?"

"लागतात कशाला जास्त?" तपासनीस म्हणाले. यातलं निम्मं खरं होतं, त्यामुळे आवाज बरा निघाला. लेक काही बोलली नाही. फोन टेबलावर ठेवून, "बॅग आत ठेवते," म्हणत ती आतल्या खोलीत गेली.

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग स्टूल सरकवल्याचा. स्टूल फक्त वरच्या फळीसाठी लागे. तपासनिसांच्या हातातला कप तसाच राहिला. फोनचं खोकं अजून दुलयांमागेच होतं, आत सूचनांचं पुस्तक, कागदी पट्टीनं बांधलेली नवी कोरी वायर, आणि बाहेर आठ महिन्यांची धूळ. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आतून स्टूल परत सरकवल्याचा आवाज काही येईना.

शेवटी तपासनीस उठले. वाक्य तयार नव्हतं. 'मला वाईट वाटतंय' एवढंच होतं, आणि तेच सांगायचं त्यांनी ठरवलं.

लेक स्टुलावर उभी होती. एका हातात फोनचं धुळकट खोकं होतं. दुसऱ्या हातात आणखी एक खोकं होतं, लहान, आणि बापाला पाहताच ते तिनं पाठीमागे नेलं. पण तपासनिसांनी ते ओळखलं होतं. हजार खोक्यांतून त्यांनी ते ओळखलं असतं. झाकणाच्या शिवणीवर 'तपासले' असा शिक्का होता, खाली कोंबडीचा पाय, आणि शिक्का कुठेही फाटलेला नव्हता.

"खणखणीत वाजते," तपासनीस म्हणाले.

"एकदम झकास आहे," लेक म्हणाली.

मग तिनं एका दमात सांगून टाकलं. मालकीणबाई भिंतीला भोक पाडू देत नाहीत. मैत्रिणी दारावर थाप मारतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. बेल परत आणली होती, दुलयांमागे ठेवली तर कोणाला दिसणार नाही असं वाटलं. "मला काय माहीत, ती जागा आधीच कोणीतरी घेतलीय!"

दारात उभी असलेली बायको हसायला लागली, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "एकाच साच्यातली दोघं," ती म्हणाली. "आता दोन्ही खोकी खाली आणा. दुलया नीट बसतील."

दुपारी तपासनिसांनी स्वतःच्या दाराला बेल लावली. आतापर्यंत सवड का मिळत नव्हती हे कोणालाच सांगता आलं नसतं. अर्ध्या तासाचं काम होतं. शिक्का मात्र त्यांनी लेकीला फाडायला लावला. तेवढ्या वेळात तिनं त्यांना फोनच्या गमती दाखवल्या, आणि कडेची ती शिवणीसारखी पट्टी हेच बटण असल्याचं दाखवून दिलं. तपासनिसांनी ते दाबलं. बारीक, पण 'टक' होतं.

संध्याकाळी लेक निघाली. दार लागलं आणि लगेच बेल वाजली. तपासनिसांनी उघडलं.

"काही नाही. वाजते का बघत होते," लेक म्हणाली.

दार लागलं. जिन्यात चार पावलं वाजली, परत आली, आणि बेल वाजली.

"चाचणी मध्येच थांबवू नये ना, बाबा. कोणासाठीही."

"गाडी चुकेल," तपासनीस म्हणाले.  ती गेली. पावलं जिना उतरून बाहेर पडल्याचंही ऐकू आलं. तरी तपासनीस कडीवर हात ठेवून दाराशीच उभे राहिले. घर एकदम मोठं झालं होतं. बायको म्हणाली, "बसा आता." ते बसले नाहीत.

आणि बेल वाजली.

पुरता आवाज व्हायच्या आत त्यांनी दार सताड उघडलं, तोंडभर हसत, उभ्या आयुष्यात या दारात कोणी पाहिलं नसेल इतकं मनापासून.

बाहेर दंतवैद्य उभे होते. चार्जर मागायला आले होते. पण ते चार्जरचं विसरले. त्यांनी मान जरा कलती केली, डोळे बारीक केले आणि इतक्या वर्षांत प्रथमच संपूर्ण उघडलेल्या त्या तोंडात नीट पाहून घेतलं.

"वरची डावी दाढ," ते म्हणाले. "उद्या या."